अलास्का क्रूझ: मोठं जहाज की छोटं? (सोबत आईबाबा, गुडघेदुखी, शाकाहार)

मीठपाणी:

पुढच्या वर्षी जूनअखेर अलास्काला जायचं आहे, सात रात्री. माणसं पाच: आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी, आई ६८, बाबा ७३. आईबाबा पुण्याहून सिअ‍ॅटलला आमच्याकडे येणार. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. आईबाबांकडे अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिजा आहे, कॅनडाचा कुणाकडेच नाही. आमचा दोघांचा एच-१बी चालू आहे, पण पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिजाचा स्टॅम्प संपलाय.

बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर दोन किलोमीटर चालतात, जिना मात्र कठड्याला धरूनच. आई अंडंही खात नाही आणि तिला बोट लागते.

मोठ्या जहाजाची बाल्कनी केबिन माणशी १,४०० डॉलरच्या आसपास दिसते. ७०-८० माणसांच्या छोट्या जहाजाचं भाडं ७,००० च्या पुढे. इतक्या फरकात नेमकं काय जास्त मिळतं? आणि आमच्या घरच्यांना काय झेपेल?

नकाशेवाला:

भाड्याकडे नंतर बघा, आधी व्हिजाकडे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी चढवून अमेरिकेतच उतरवणार असेल, तर मध्ये परदेशी बंदराला लागणं त्याला भाग आहे. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा झेंड्यांखाली चालतात. अमेरिकी झेंड्याचं मोठं जहाज एकच, ‘प्राइड ऑफ अमेरिका’, आणि ते हवाईत फिरतं. म्हणून सिअ‍ॅटलहून सुटून सिअ‍ॅटललाच परतणारं जहाज शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला काही तास थांबतं. व्हिक्टोरिया कॅनडात. तुम्ही खाली उतरा की केबिनमध्ये झोपा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजा हवाच. तो नसेल तर सिअ‍ॅटलच्या धक्क्यावरच चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. व्हँकूव्हरहून निघालात तर व्हिजा लागणारच, सुरुवातच कॅनडात.

उलट अनक्रूझ, लिंडब्लाड या कंपन्यांची छोटी जहाजं अमेरिकी झेंड्याची आहेत. ती जुनो, सिटका, केचिकन अशा अलास्कातल्याच बंदरांतून सुटतात आणि अलास्कातच थांबतात. सिअ‍ॅटल ते जुनो विमान देशांतर्गत, त्यामुळे कॅनडाचा संबंधच येत नाही. फक्त फेरीचा नकाशा नीट बघा, कारण त्यांच्याही काही फेऱ्या ब्रिटिश कोलंबियातून जातात.

‘छोटं’ या शब्दातही एक गफलत होते. ५००-७०० प्रवाशांची महागडी जहाजंही स्वतःला छोटी म्हणवतात. ती परदेशी झेंड्याची असतात आणि बहुतेक व्हँकूव्हरहून सुटतात. त्यांना वरचा कायदा मोठ्या जहाजांसारखाच लागू.

आईबाबांचा कॅनडाचा व्हिजा भारतात असतानाच काढा. बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि पुढे स्टॅम्पसाठी पासपोर्टही जमा करावा लागतो. प्रवासाच्या तोंडावर अमेरिकेत बसून हे करणं जिवावर येतं.

तुमच्या स्टॅम्पबद्दल: फक्त कॅनडाला ३० दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्याला, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) वैध असेल तर, संपलेल्या स्टॅम्पवर परत प्रवेश मिळण्याची तरतूद आहे (ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन). पण त्या सहलीत नवीन व्हिजासाठी अर्ज केला तर ती सवलत गेली. आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवा, आणि जहाज कंपनीकडून हे चालेल असं लेखी घ्या, कारण धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याला हा नियम ठाऊक असेलच असं नाही. तुम्ही नोकरी करता त्या कंपनीच्या वकिलालाही एकदा विचारा.

शिडाची होडी:

पैशांचा फरक केबिनमध्ये शोधू नका. छोट्या जहाजाची केबिन बहुतेक वेळा मोठ्या जहाजाच्या केबिनपेक्षा लहानच असते, बाल्कनी क्वचित. पैसे जातात ते जहाज कुठे शिरू शकतं आणि किती वेळ थांबू शकतं, त्यासाठी.

मोठ्या जहाजाचं वेळापत्रक आगगाडीसारखं असतं. धक्का अमुक वाजता मोकळा, तमुक वाजता सोडायचा. वाटेत देवमासे दिसले तर कप्तान भोंग्यावरून सांगतो आणि जहाज पुढे जातं. ७० माणसांचं जहाज तिथे इंजिन मंद करून तासभर थांबतं. कुबड्या देवमाशापासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९० मीटर दूर राहायचा नियम दोघांनाही सारखाच. पण छोट्यावर तुमचा डेक पाण्यापासून दोन-तीन मीटरवर असतो, मोठ्यावर दहाव्या-बाराव्या मजल्यावर. त्या उंचीवरून शेपटी दिसते. देवमाशाने सोडलेल्या श्वासाचा आवाज ऐकायचा तर पाण्याजवळच असायला हवं.

ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातल्या खाडीत दिवसाला जास्तीत जास्त २ क्रूझ जहाजांना प्रवेश आहे. छोटी जहाजं टूर व्हेसल म्हणून वेगळी मोजतात, ती दिवसाला ३. मोठं जहाज आत येतं, पार्कचे रेंजर वाटेत बोटीने येऊन चढतात, मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरतं आणि परत. प्रवासी जमिनीवर पाय ठेवत नाहीत. छोटं जहाज रात्रीचा मुक्काम करू शकतं आणि माणसं किनाऱ्यावर उतरवतं.

आता हे उतरणं कसं असतं ते बाबांसाठी नीट समजून घ्या. जहाजाच्या मागच्या बाजूला पाण्यालगत फळी असते, तिथून रबरी होडीत पाय टाकायचा. पूर्वी कोकण बोटीतून पडावात उतरायचे तसंच, फक्त इथे माणसं शिकवलेली आणि अंगात लाइफ जॅकेट. खलाशाचा हात हातात धरायचा नाही, मनगटाच्या वर धरायचं. ओला हात सुटतो, तशी पकड सुटत नाही. होडीच्या कडेवर बसून आत सरकायचं. किनाऱ्यावर घोटाभर ते पोटरीभर पाण्यात उतरून गोट्यांवरून चालायचं. धक्का, पायवाट, कठडा, काही नाही. हे दिवसातून दोनदा.

शिवाय बऱ्याच छोट्या जहाजांना लिफ्ट नसते. जेवणघर एका मजल्यावर, केबिन दुसऱ्यावर, आणि मधला जिना अरुंद व उभा. कंपनीला तीन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, जेवणघराच्याच मजल्यावर केबिन मिळेल का, आणि किनाऱ्यावर न उतरता नुसतं होडीतून फिरता येतं का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक हो असतं, आणि गुडघेवाल्यांसाठी तीच खरी मजा. होडीत बसायचं आणि अस्वलं बघायची.

मुलीचं वयही विचारून घ्या. काही कंपन्या ८ वर्षांखालची मुलं घेत नाहीत. तुमची ९ ची आहे, म्हणजे चालेल, पण जहाजावर तिच्या वयाचं दुसरं कुणी असेलच असं नाही.

मधला डेक:

आईंसाठी दोन मुद्दे.

बोट लागणं. जहाजाच्या आकाराइतकाच रस्ताही महत्त्वाचा, आणि ही गोष्ट जाहिरातीत दिसत नाही. सिअ‍ॅटलहून सुटणारी मोठी जहाजं व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून जातात. जाताना आणि येताना जवळजवळ एकेक दिवस लांब लाटांचा हेलकावा असतो. व्हँकूव्हरहून सुटणारी बेटाच्या आतल्या बाजूने जातात, तिथे पाणी शांत. पुढे क्वीन शार्लट साउंडचा पट्टा मात्र उघडा आहे. जुनो-केचिकन परिसरातच फिरणारं छोटं जहाज जवळजवळ सगळा वेळ बेटांच्या आडोशाला असतं. म्हणजे ‘मोठं जहाज हलत नाही’ म्हणून सिअ‍ॅटलची फेरी घेणाऱ्याला छोट्या जहाजापेक्षा जास्त हेलकावे लागू शकतात. मोठ्यांना स्टॅबिलायझर पंख असतात, त्याने डावं-उजवं डोलणं कमी होतं. पुढचं-मागचं टोक वरखाली होणं त्याने थांबत नाही. म्हणून केबिन खालच्या मजल्यावर, लांबीच्या मधोमध घ्या. छोट्यावर अगदी नाकाशी असलेली केबिन टाळा, पहाटे नांगराच्या साखळीचा आवाज थेट उशाशी येतो.

अ‍ॅव्होमिनसारखी गोळी लाटा सुरू होण्याआधी घ्यायची. उलट्या लागल्यावर ती पोटात टिकतच नाही. त्याने गुंगी येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, बाबांनाही हे लागू.

जेवण. मोठ्या जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण सहज मिळतं, स्वयंपाकघरात भारतीय, अनेकदा गोव्याचेही, आचारी असतात. बुकिंगनंतर स्पेशल नीड्सचा फॉर्म असतो, तो ६० दिवस आधी भरा. चढल्यावर पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटून पुढच्या दिवसाचं जेवण आदल्या रात्री ठरवायचं. बुफेवर भरवसा ठेवला की मग पावभाजीची आठवण काढत पास्ता खावा लागतो. छोट्या जहाजावर आचारी दोन-तीनच, आणि आठवड्याचा शिधा पहिल्याच बंदरात भरलेला. वाटेत दुकान नाही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका, त्यात अंडं धरतात. ‘अंडं नाही, मासा नाही, मांसाचं सूप वापरलेला भात किंवा डाळ नाही, दूध-दही-चीज चालेल’ असं एकेक लिहून पाठवा.

किटली, इलेक्ट्रिक कुकर, इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने चढतानाच काढून ठेवतात. घरचं शिजवलेलंही बहुतेक कंपन्यांना चालत नाही. कंपनीचं सीलबंद पाकीट असलेला चिवडा, खाखरा, मेतकूट चालतं. मेतकुटाला गरम भात आणि तूप लागतं, ते दोन्ही मोठ्या जहाजावर मागितलं की येतं.

डॉक्टर: मोठ्या जहाजावर दवाखाना, डॉक्टर, नर्स असतात, बिल मात्र डॉलरमध्ये तुमच्या खात्यावर. छोट्यावर बऱ्याचदा प्रथमोपचार शिकलेले कर्मचारीच. आईबाबांच्या विम्यात आधीपासूनचे आजार आणि हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवण्याचा खर्च, दोन्ही लेखी आहेत का ते बघा.

मीठपाणी:

खूप आभार सगळ्यांचे. लिफ्ट आणि ओलं उतरणं वाचून बाबांसाठी छोटं जहाज कठीण वाटतंय. पण देवमाशाचा श्वास ऐकायची इच्छा त्यांचीच आहे. यात मधला मार्ग आहे का? आणि खर्चाचा खरा आकडा कसा काढायचा?

नकाशेवाला:

आहे, आणि तुमच्यासाठी तोच मला योग्य वाटतो: राहायला मोठं जहाज, बघायला छोटी बोट.

व्हँकूव्हर ते अलास्कातलं स्यूअर्ड किंवा व्हिटियर बंदर अशी एकेरी फेरी घ्या, ग्लेशियर बे असलेली. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्यांच्या बऱ्याच फेऱ्यांत ती असते. सिअ‍ॅटलहून व्हँकूव्हर रस्त्याने तीन-चार तास. आडोशाचा रस्ता मिळाल्याने आईंचंही भागतं. जुनोत २५-४० माणसांच्या बोटीची देवमाशांची सहल घ्या. धक्क्यावरून थोडा बसप्रवास, मग ऑक बेमधून बोट. चढायला तरंगता धक्का असतो, त्याचा उतार ओहोटीला बराच तीव्र होतो, म्हणून बाबांसाठी भरतीच्या जवळची वेळ निवडा. जुनोची भरती-ओहोटीची कोष्टकं आधीपासून उपलब्ध असतात.

फेरी स्यूअर्डला संपत असेल तर तिथे एक रात्र राहून केनाई फ्योर्ड्सची दिवसाची बोट करा. तिचा काही भाग उघड्या समुद्रात जातो, आईंनी गोळी घेऊनच जावं किंवा खाडीतली अर्ध्या दिवसाची फेरी घ्यावी. व्हिटियरला संपत असेल तर प्रिन्स विल्यम साउंडमधली हिमनद्यांची कॅटामरान बोट, आडोशाचं पाणी, बंदिस्त गरम केबिन. व्हिटियरला रस्त्याने जायचा बोगदा एकच, साधारण ४ किलोमीटरचा, एकेरी आणि रेल्वेसकट वाटून घेतलेला. तो ठरलेल्या वेळांनाच उघडतो. बोटीची वेळ धरताना बोगद्याचं वेळापत्रक आधी बघा.

खर्च. ५ × १,४०० = ७,०००. कर आणि बंदरशुल्क वेगळं, ते माणशी २५०-३०० धरा. टिप माणशी रोज १८ च्या आसपास, म्हणजे सात दिवसांचे ६३०. देवमाशांची सहल आणि एखादी ट्रेनची सहल मिळून पाचांचे १,८००. झाले ११,००० च्या आसपास, वर विमान आणि हॉटेल. केबिन दोन घ्या, ३ आणि २, मध्ये दार असलेल्या. तिसऱ्या माणसाचं भाडं बहुतेक कमी लागतं. छोट्यावर ५ × ७,००० = ३५,०००, त्यात कयाक, होड्या, वाटाडे धरलेले, टिप ५ ते १० टक्के वेगळी. तीन माणसांच्या केबिन तिथे मोजक्याच, त्या वर्षभर आधी जातात.

शिडाची होडी:

पटलं. फक्त दोन भर.

बंदरातल्या सहली बाहेरून स्वस्त मिळतात, पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर थांबतं. बाहेरची घेतलीत तर ‘ऑल अबोर्ड’च्या (सगळ्यांनी जहाजावर परतायच्या वेळेच्या) दोन तास आधी परत येणारीच घ्या. आणि घड्याळ: अलास्का सिअ‍ॅटलच्या एक तास मागे आहे, फोन कधी कुठली वेळ पकडेल सांगता येत नाही. जहाजावरच्या घड्याळाप्रमाणे चाला.

जूनअखेर पावसाच्या दृष्टीनेही बरा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे सगळ्यात जास्त पडतो. तरी केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, छत्री वाऱ्यात टिकत नाही. टोपीचा रेनकोट आणि वरून घालायची पावसाळी पँट प्रत्येकाला घ्या.

मधला डेक:

ट्रेनचं राहिलं. अलास्कातल्या स्कॅगवे बंदराची व्हाइट पास रेल्वे १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली, तीन फुटी नॅरो गेज (माथेरानची दोन फुटी). तिच्या दोन तऱ्हेच्या फेऱ्या आहेत. खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या फेरीत खाली उतरत नाहीत. फ्रेझरपर्यंत जाणारी कॅनडात शिरते, तिला पासपोर्ट आणि व्हिजा सोबत लागतात. पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत ठेवून निघालात तर डब्यात चढू देणार नाहीत. पाचांसाठी माथ्याचीच फेरी घ्या, जाताना डावीकडच्या खिडक्या.