सोसायटी ग्रुप : पार्सल ‘डिलिव्हर्ड’, पण ग्राहकाच्या हाती नाही

सी-502 :
नमस्कार मंडळी. मी भांडीबाजारातून पितळी समया आणि निरांजने निवडून आणते व इन्स्टाग्रामवरून विकते, हे आपल्याला ठाऊक आहेच. सोलापूरच्या एका बाईंनी 3,850 रुपयांची समयांची जोडी मागवली आणि पैसे यूपीआयने आगाऊ दिले. कुरिअरच्या ट्रॅकिंगवर गेल्या गुरुवारी दुपारपासून ‘डिलिव्हर्ड’ असे दिसते आहे, परंतु घरी कोणीच आले नाही आणि काहीच मिळाले नाही, असे बाई ठामपणे सांगतात. दोन दिवसांत पैसे परत न आल्यास ग्राहक मंचात जाऊ, असे त्यांनी काल लिहिले. माल पाठवल्याची पावती माझ्याकडे आहे. मग भुर्दंड मी का सोसावा?

ए-104 :
ताई, हा फुकटात माल लाटण्याचा प्रकार आहे. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट पाठवा आणि नंबर ब्लॉक करा.

बी-201 :
ब्लॉक मुळीच करू नका. आयुष्यभर टपाल खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, ‘डिलिव्हर्ड’ याचा अर्थ कोणीतरी यंत्रावर कळ दाबली, एवढाच आहे. पार्सल कोणाच्या हाती पडले हे त्यावरून कळत नाही. कुरिअरच्या शाखेला आजच ईमेल करून पीओडी (पार्सल कोणी घेतले याचा पुरावा) मागा आणि सही कोणाची, वेळ कोणती, ओटीपी घेतला होता का, छायाचित्र आहे का, हे चारही प्रश्न त्यात लिहा. फोनवर विचाराल तर ‘बघतो, सांगतो’ यापलीकडे काही हाती लागणार नाही. ही विचारणा तुम्हीच करायची, कारण कुरिअरचे पैसे तुम्ही भरले आहेत आणि करार तुमच्याशी झाला आहे. बाईंना ‘तुम्हीच कुरिअरला विचारा’ असे सांगितले की भांडण तिथेच पेटते. पावतीवरचे वजनही तपासून ठेवा. समयांची जोडी चांगली वजनदार असते. खोक्यात दुसरेच काही होते असा आरोप उद्या झाला, तर तेवढा एक आकडा तुमच्या बाजूने बोलेल.

बी-304 :
बाई खोटे बोलत असतील असे मलाही वाटत नाही. मागच्या महिन्यात माझे औषधांचे पार्सल आपल्याच वॉचमनच्या केबिनमध्ये नऊ दिवस पडून होते. कुरिअरवाल्याने खरोखरच पोहोचवले होते आणि मला खरोखरच मिळाले नव्हते. त्या नऊ दिवसांत मी त्या विक्रेत्याला काय काय ऐकवले, ते आठवले की आजही ओशाळायला होते. बाईंना गेटवर, शेजारी आणि घरातल्या इतरांकडे एकदा विचारून पाहण्याची विनंती करा, मात्र त्यात संशयाचा सूर नको.

ए-402 :
कायद्याची बाजू मी मांडते. माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 39 नुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराकडे सोपवला की सकृद्दर्शनी तो खरेदीदाराला पोहोचला असे धरले जाते, आणि ए-104 यांना हे वाचून आनंद होईल. परंतु त्याच कलमात पुढे असेही आहे की मालाचे स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहतूकदाराशी वाजवी करार करायला हवा. तो केला नसेल, तर वाटेत हरवलेला माल आपल्याला मिळाला असे मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार बाई आपल्या राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतात, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्कही पडत नाही. 3,850 रुपयांसाठी सोलापूरची तारीख लागली, तर तुम्ही जिंकूनही हराल. त्याआधी त्या बहुधा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जातील. तिथून विचारणा आली तर गप्प न बसता लेखी उत्तर द्या. ए-104 यांनी घरातली जुनी सायकल एकदा विकली तसे तुमचे नाही. तुम्ही नियमित विक्री करता, त्यामुळे 2020 चे ई-कॉमर्स नियम पाहताना ‘मी हौसेने करते’ हा बचाव टिकणार नाही.

सी-502 :
वकीलताई, म्हणजे पैसे द्यावेच लागणार, असे दिसते. बाई ते भावाच्या नंबरवर पाठवायला सांगत आहेत.

ए-104 :
मी काय म्हणत होतो!

डी-103 :
एवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही, पण पैसे भावाच्या नंबरवर मुळीच पाठवू नका. मी बँकेत तक्रारींचेच टेबल सांभाळत होतो. रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जायला हवी, नाहीतर उद्या मूळ खातेदार ‘मला काहीच मिळाले नाही’ म्हणेल आणि तुम्ही दोनदा पैसे भराल. बाईंनी बँकेकडे आधीच तक्रार नोंदवली आहे का, हेही लेखी विचारून घ्या, कारण तिकडून रक्कम वळती झाली आणि इकडून तुम्हीही पाठवली, तर ती परत मिळवताना नाकी नऊ येतात. कुरिअरचा माणूस म्हणून कोणी फोन करून ‘भरपाई हवी तर लिंक उघडा, पिन टाका’ म्हणाला, तर फोन ठेवून द्या. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. चुकून रक्कम गेलीच, तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

बी-201 :
पुढच्या वेळेसाठी एक सांगतो. विमा न उतरवलेले स्पीड पोस्ट हरवले, तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1,000 रुपये, यांपैकी कमी असेल तेवढीच भरपाई मिळते. खाजगी कुरिअरच्या पावतीमागच्या बारीक अक्षरांतही अशीच मर्यादा छापलेली असते. ती भिंगाने का होईना, वाचून ठेवा. किमती वस्तूचा विमा न उतरवता चाळीस-पन्नास रुपये वाचवणे आपल्याला परवडत नाही.

सी-502 :
शाखेकडून आत्ताच पीओडी आली. सही बाईंची नाही, नाव वाचता येत नाही, पुढे ‘गेट’ असा शेरा आहे आणि छायाचित्र नाही. बाईंना मी पुढील संदेश पाठवला आहे : ‘नमस्कार. आपले पार्सल आपल्या हाती पडलेले नाही, हे मला मान्य आहे. कुरिअरकडून आलेली सहीची प्रत सोबत पाठवते. ही सही ओळखीची वाटते का, ते पाहावे आणि गेटवर एकदा विचारावे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत पार्सल न सापडल्यास पूर्ण रक्कम आपण ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करीन. आपण बँकेकडे तक्रार केली असल्यास कृपया कळवावे.’ त्यांचे उत्तर लगेच आले आणि पहिल्यांदाच त्यात चिडचिड नव्हती. त्यांच्या वसाहतीला मागच्या बाजूनेही गेट आहे. उद्या सकाळी त्या स्वतः तिथे जाऊन विचारणार आहेत.

ए-402 :
‘मान्य आहे’ याऐवजी ‘आपण कळवले आहे’ असे लिहायला हवे होते. पण आता पाठवले आहे, तर राहू द्या. मुदत दिलीत, ते उत्तम केलेत.

बी-201 :
पार्सल सापडो वा न सापडो, कुरिअरकडे भरपाईचा अर्ज उद्याच द्या, कारण त्याला मुदत असते. सोबत बुकिंगची पावती, पीओडी, बाईंचा लेखी नकार आणि समयांचे खरेदीबिल जोडा.

सी-502 :
काका, बिल कच्चे आहे. साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता.

बी-201 :
मग सकाळी दुकान उघडताच जा. त्यांच्या वहीत विक्रीची नोंद असेल, त्यावरून पक्के बिल मागून घ्या.