केवळ रंग पुरेसा नाही

दरवर्षी रंगाचा एक हात दिला की चौथऱ्यावर प्रदर्शनासाठी ठेवलेले जुने हेलिकॉप्टर उघड्यावरही टिकते, असे एक मत आहे; ते ॲल्युमिनियमपुरते ठीक आहे. परंतु १९५० च्या दशकातील सिकोर्स्की कंपनीच्या एस-५५ आणि एस-५८ या हेलिकॉप्टरांच्या बाह्य आवरणात वजन वाचवण्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा बराच वापर झाला होता, हे त्या मतात धरलेले नाही. मॅग्नेशियम जिथे ॲल्युमिनियमला किंवा पोलादाला टेकते, त्या सांध्यात ओलावा साचल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने आधी मॅग्नेशियमच झिजते, आणि तेही रंगाखाली. फुगलेला पापुद्रा खरवडला की हाती पांढरी भुकटी येते. (त्यावर पुन्हा रंग चढवणे म्हणजे दुखणे झाकणेच.) अशा यंत्राला छप्पर हवे, ते शक्य नसेल, तर निदान तळाची निचऱ्याची छिद्रे रंगाने बुजलेली नाहीत, एवढे तरी पाहावे.