सशाला तारेचा ब्रश नको

ताई, तुमचा ससा पुंजक्यांनी केस गाळतोय आणि घरातला कुत्र्याचा तारेचा ब्रश चालेल का, असं विचारलंय. वर एका भाऊंनी पातीवालं डीशेडिंग टूल, म्हणजे सुटे केस ओढून काढायचं साधन, सुचवलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. सशाची कातडी फार पातळ. तारेने ओरखडे पडतात, पाती अडकली तर फाटतेही.

जळगावला पेट शॉपमध्ये रबरी ब्रश नाहीतर हातमोजा मिळतो, तो पुरे. आधी हात ओलसर करून पाठीवरून फिरवा. सुटे केस तळव्याला चिकटतात, घरभर उडत नाहीत. मग रबरी ब्रश. शेपटीजवळ, मांड्यांवर पुंजके उभे राहतात, ते चिमटीत धरून हलकेच ओढा. नाही आले तर राहू द्या. लांब केसांचा अंगोरा ससा असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याला रोज कंगवा लागतो. आंघोळ तर कुणालाच नको, कितीही ऊन असो.

एवढी काळजी का, तर ससा स्वतःला चाटत बसतो आणि त्याला उलटी करता येत नाही. केस पोटात जातात, त्यात सुकं गवत कमी पडलं की आतडं मंदावतं. लेंड्या केसाने माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर गवत वाढवा, ब्रश रोज करा. खाणं किंवा लेंड्या बंद झाल्या तर उद्यावर ढकलू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा हे काम सकाळी लवकर उरका. दुपारी त्याला धरून बसलात तर धापाच टाकेल बिचारा.