पगार 21,000च्या वर गेला, म्हणून ईएसआय बंद? आईचं डायलिसिस चालू आहे

व्हीएमसीवाला_भोसरी
मंडळी, मी भोसरी एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापायचं संगणकी मशीन) चालवतो, नऊ वर्षं झाली. जुलैपासून पगार 20,600चा 21,900 झाला. घरी पेढे आणले. काल पगाराची स्लिप हातात आली, तर ईएसआयचा (पगारातून वर्गणी कापून उपचार देणारा सरकारी कामगार विमा) रकाना रिकामा. एचआरमधला पोरगा म्हणाला, "21,000च्या वर गेलात, आता तुमचं कार्ड संपलं. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आलात, अभिनंदन!"

अभिनंदन कसलं? आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, ईएसआयच्या चिठ्ठीवर टायअप (ईएसआयशी करार असलेल्या) हॉस्पिटलात होतं. दवाखान्यात रांग लागते, चिठ्ठीसाठी अर्धा दिवस जातो, पण दीड वर्षात खिशातून गेलं ते रिक्षाचंच भाडं. मेडिक्लेममध्ये मी, बायको, दोन पोरं. आईवडील नाहीत. बाहेर चौकशी केली तर एका वेळचे दीड-दोन हजार सांगतात. 1,300 वाढले आणि महिन्याला बारा-पंधरा हजारांचा खड्डा पडला. वाढ परत करता येते का? की वरचे 900 ओव्हरटाइममध्ये दाखवायला सांगू? हसू नका, खरंच विचारतोय.

पगारपत्रक
हसत नाही, दर वर्षी दोघं-तिघं हेच विचारतात. 14 वर्षं पेरोल करतोय.

आधी तो रिकामा रकाना. ईएसआयची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी असते. मध्येच पगार 21,000च्या वर गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत तुम्ही आतच. म्हणजे सप्टेंबरअखेर कपात व्हायलाच हवी, तीही पूर्ण पगारावर. तुमचे 0.75 टक्के म्हणजे 165 रुपये, मालकाचे 3.25 टक्के वेगळे. मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे, तेही स्लिपवर बघून घ्या.

आता कामाची गोष्ट. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, वर्गणीचे किमान 78 दिवस भरले असतील तर. तुमचे भरतील. त्यामुळे आईचे उपचार 30 जूनपर्यंत चालायला हवेत. शाखा कार्यालयात आयपी नंबर (तुमचा विमाधारक क्रमांक) देऊन हे खात्रीने विचारून घ्या, डायलिसिसचा मामला आहे.

ओव्हरटाइमची युक्ती सोडा. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत हे खरं, पण न केलेला ओव्हरटाइम कागदावर दाखवणं म्हणजे खोटा हिशोब. उद्या तपासणीत निघाला तर निस्तरणार कोण? शिवाय पुढच्या वर्षी परत वाढ होणारच. ही 21,000ची रेघ 2017च्या जानेवारीपासून तिथेच आहे, पगार मात्र सरकत राहतात.

सातपूरची_सून
दादा, आमच्या ह्यांचं असंच झालं होतं, सासऱ्यांची बायपास झालेली. एचआर "आईवडील नाहीत" म्हणतं तेव्हा "फुकट नाहीत" असाही अर्थ असतो. आमच्याकडे हप्ता आपण भरला तर घेत होते, पण नाव पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळीच घालता येत होतं. ती तारीख आम्हाला कुणी सांगितली नाही, वर्ष वाया गेलं. तुम्ही तारीख लेखी मागा. आणि आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, डायलिसिस डे-केअरमध्ये (रात्रभर भरती न होता घ्यायच्या उपचारांत) बसतं का, आईवडिलांच्या बिलात आपला वाटा किती टक्के, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आमचा 20 टक्के निघाला.

रेशनकार्ड आहे ना? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे, आणि आता पांढरं कार्डही चालतं. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा.

व्हीएमसीवाला_भोसरी
पगारपत्रक साहेब, तुमचं उत्तर मोबाइलवरच एचआरला दाखवलं. पोरगा आधी वाकड्यात गेला, मग अकाउंट्सला फोन लावला, आणि "सिस्टीमने आपोआप काढलं" म्हणाला. सिस्टीम म्हणजे तोच. जुलैचे 165 पुढच्या पगारात घेणार.

ताई, नूतनीकरण 1 नोव्हेंबरला आहे. आईचा हप्ता विचारलाय, आकडा आला की सांगतो. गुरुवारी पहिली शिफ्ट बदलून घेतलीय, शाखा कार्यालयात जातो. आईला अजून काही सांगितलेलं नाही, ती शेजारणीला पगारवाढीचंच सांगत बसलीय.