शाळेच्या होकाराची वाट बघू नका
ताई, शाळेने मुलाला कायमचं काढलं तर काउन्सिल (म्हणजे तिथली स्थानिक पालिका) काय करणार असं विचारलंयत, तर इंग्लंडमध्ये 6व्या शालेय दिवसापासून पूर्णवेळ शिक्षणाची सोय काउन्सिलला करावीच लागते. पण तिथवर जाऊच देऊ नका हो. ईएचसी असेसमेंटसाठी, म्हणजे मुलाला शिक्षण, आरोग्य आणि काळजीची कोणती खास मदत लागते ते तपासण्यासाठी, आईवडील शाळेच्या होकाराशिवाय थेट काउन्सिलला लिहू शकतात, करणार की नाही ते 6 आठवड्यांत कळवावं लागतं त्यांना. माझा मुलगा डायनिंग हॉलच्या गोंगाटात कान दाबून टेबलाखाली बसायचा आणि वहीत शेरा यायचा 'ऐकत नाही', मग काउन्सिलच्या स्पेशालिस्ट टीचरने येऊन बघितलं, त्याला 10 मिनिटं आधी जेवायला बसवा म्हणाल्या, महिन्याभरात शेरे थांबले. आणि 'आज लवकर घेऊन जा' असे फोन येत असतील तर तारखा लिहून ठेवा, सस्पेन्शनची नोंद न करता वागणुकीसाठी घरी पाठवणं बेकायदेशीर आहे.