चर्चा: रेकॉर्डिंग संथ करून गाणं उचलावं का?

पेटीवाला, केज:
गावच्या भजनात पेटी धरतो. गुरुजींकडं आंबेजोगाईला महिन्यातून दोनदा जाणं होतं, पेरणी-काढणीत तेही नाही. मधल्या दिवसांत मोबाइलवर रेकॉर्डिंग ०.५ वेगाला लावून चाली बसवायलोय. परवा एका जुन्या टाळकऱ्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, ‘ही चोरवाट आहे, यानं कान मरतो.’ मला हे अजिबात मान्य नाही.

भीमपलास रागातल्या एका अभंगात मी दोन वर्षं कोमल गंधार सरळ दाबत होतो. स्वर बरोबर, पण गाणं काही लागेना. निम्म्या वेगाला ऐकलं तेव्हा कळलं, गळा थेट गंधारावर येतच नाही, मध्यमाला शिवून उतरतो. वर कोमल निषादाचंही तसंच, षड्जाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन. जे आहे हेच ठाऊक नव्हतं ते ऐकू आलं, मग कान मेला कसा?

पखवाज शिकवणारा, आंबेजोगाई:
टाळकरीबुवांचं बरोबर आहे, कारण मात्र मी वेगळं देईन. निम्म्या वेगाला कणही दुप्पट लांब होतो. तुम्ही तो तेवढाच लांब बोटात बसवता आणि मग लय वाढवली तरी त्याचं वजन जात नाही. कणाचा स्वर होऊन बसतो.

तालाचं तर विचारूच नका. माझ्याकडं एक मुलगा आला, तिरकिट हा बोल असंच संथ ऐकून शिकलेला. प्रत्येक बोट सुटं, उंच उचलून. ठायीत, म्हणजे संथ लयीत, छान चाललं, दुगुनीला, म्हणजे दुप्पट लयीला, हात अडकला. द्रुत वाजवणाऱ्याचा हात मुळातच वेगळा पडतो. त्याचा आवाज ताणला म्हणून ठायीतला हात कळत नाही. ती सवय मोडायला सहा महिने गेले. ज्या गावाला पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज लाभला, तिथं आधी पढंत करावी, म्हणजे बोल तोंडानं म्हणावेत. हातानं टाळी-खाली धरून बोल तोंडात बसला, की मग हात.

संगीतशिक्षिका, परभणी:
गाण्याला चालतं, तालाला नाही, असं माझ्या वर्गातलं मत. सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून ते एकमेकांवर सरकवत लांबवतं. गळ्याच्या लांब स्वरात हे खपून जातं, पण थापेचा ठोका पसरतो, कधी एकाच थापेच्या दोन ऐकू येतात. संथ केलेल्या रेकॉर्डिंगवरून बोल उतरवू नका, मी मुलांना तसं करूच देत नाही.

अजून एक. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्पीड’ आणि ‘टेम्पो’ वेगळे आहेत. स्पीड निम्मा केला तर गाणं एक सप्तक खाली जातं; पाऊणपट केला तर पेटीच्या काळी चार पट्टीतलं गाणं काळी दोनला येतं. टेम्पो बदलला तर पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, जागेवर राहते. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून शिकणाऱ्यांनी तर पट्टी आधी तपासावीच. त्या सगळ्या नेमक्या ७८लाच ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत, त्यामुळे षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडतो आणि मुलांना वाटतं आपलाच कान चुकला.

पेटीवाला, केज:
मॅडम, टेम्पोचं आज कळलं. पखवाजवाले गुरुजी, तुम्हीही शिकवताना ठायीतच सांगता ना? मग मोबाइलनं सांगितलं तर काय बिघडलं?

पखवाज शिकवणारा, आंबेजोगाई:
गुरू संथ गातो तेव्हा कण कणाएवढाच ठेवतो, त्याच्या भोवतीची जागा वाढवतो. मशीन दोन्ही सारखंच ताणतं. तुम्हाला दोन्हींत फरक वाटत नसेल तर पुढच्या वेळी गुरुजींना तीच ओळ हळू गायला सांगा आणि मोबाइलशेजारी ठेवून ऐका.

पेटीवाला, केज:
काल रात्री माझीच पेटी रेकॉर्ड केली आणि मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐकली. गंधाराआधीचा मध्यम माझा खरंच लांबलाय, हे कबूल करतो. पण पूर्ण वेगाला चार वेळा ऐकूनही ते कळलं नव्हतं. दोन्ही निम्म्यावर आणली तेव्हा कळलं. रविवारी आंबेजोगाईला येतो, पेटी घेऊन.