केनियातल्या अनाथाश्रमात दोन आठवडे सेवेला जातेय, काय काय न्यावं?

गिरीजची_पोर
नमस्कार मंडळी. मूळची वसईची, सध्या नोकरीसाठी मँचेस्टरला. इथल्या आमच्या चर्चचा १४ जणांचा ग्रुप ऑगस्टमध्ये केनियाला चाललाय, किसुमूजवळ एक अनाथाश्रम आहे, साठेक मुलं. भिंती रंगवायच्या, इंग्लिश शिकवायचं, संध्याकाळी गाणी आणि खेळ. तिकिटासकट माणशी १९०० पौंड, त्यातले अर्धे मी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) संपल्यावर केक विकून जमवलेत 😅 लहानपणापासून मनात होतं असं काहीतरी करायचं, आणि आई तर तिथल्या चर्चच्या अख्ख्या पॅरिशला सांगत सुटलीय. तर यलो फीवरची लस लागेल का (तिथून थेट वसईला घरी येणार आहे), मुलांसाठी काय नेलं तर उपयोगी पडेल, आणि कुणी असं जाऊन आलंय का?

झोळीवाला
लस घेच. केनियातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलीस आणि लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड नसेल तर एअरपोर्टवरूनच क्वारंटाइनला नेतात, माझ्यासमोर एकाला नेलेलं, बिचारा बहिणीच्या लग्नाला आला होता. निदान १० दिवस आधी टोचून घे, एकदा घेतली की जन्मभर चालते. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, मलेरिया भरपूर, त्यामुळे गोळ्यांचं डॉक्टरला आत्ताच विचार. प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत ठेवू नकोस, २०१७ पासून बंदी आहे. खायचे हाल नाहीत, चपाती आणि चाय दोन्ही मिळतं आणि नावंही तीच.

चष्मिस
हिरमोड करायचा नाहीये पण कुणीतरी बोलायला हवं. ती साठ मुलं खरंच अनाथ आहेत का हे कुणी विचारलंय? कंबोडियात २००५ ते २०१० मध्ये अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले, आणि तिथल्या दर चार मुलांमागे साधारण तिघांचे आई किंवा वडील जिवंत होते. अनाथ वाढले नव्हते हो, अंगकोर वाटचं देऊळ बघायला येणारे पर्यटक वाढले होते. नेपाळात तर हुमलासारख्या लांबच्या जिल्ह्यातून शिक्षणाच्या नावाखाली पोरं काठमांडूच्या अनाथाश्रमांत आणून ठेवली. आणि हैतीचा भूकंप आठवतो का, २०१० चा? अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चची दहा माणसं ३३ मुलं घेऊन सीमा ओलांडताना पकडली गेली, त्यातल्या बहुतेकांचे आईबाप होते, हेतू चांगला होता म्हणे.
खुद्द केनिया सरकारने २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि आता २०२२ ते २०३२ अशी दहा वर्षांची योजना आहे मुलांना घरी किंवा नातेवाइकांकडे पाठवायची. तुम्ही नेमक्या उलट्या दिशेला १९०० गुणिले १४ पौंड घेऊन निघालायत. शिवाय बिनपगारी सेवेलाही तिथे परमिट लागतं, टुरिस्ट म्हणून शिरता येत नाही, ते तुमच्या ग्रुपने काढलंय का?

केडगावची_सून
चष्मिस, सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या नसत्या तर त्या मुलींचं काय झालं असतं? बायबलात याकोबाच्या पत्रात अनाथ-विधवांचा समाचार घ्या असं स्पष्ट आहे, त्यात तुमची आकडेवारी नाही. ही पोरगी केक विकून पैसे जमवतेय, तिला पाण्यात कशाला बघता.

चष्मिस
ताई, रमाबाई दोन आठवड्यांनी फोटो काढून परत नाही गेल्या, १९२२ ला वारल्या त्या केडगावच्या आपल्या आश्रमातच. मला एवढंच म्हणायचंय.

बत्तीस_नंबर
मी सहसा इथे लिहीत नाही. माझा हॉस्टेलमधला नंबर ३२. नगर जिल्ह्यातलं एक हॉस्टेल, नाव नको, लोक वाईट नव्हते. मी अनाथ नव्हतो. वडील वारलेले, आई ऊसतोडीला जायची, सहा सहा महिने कुठे ठेवणार मला म्हणून तिथे. बाहेरचे पाहुणे यायचे तेव्हा ट्रंकेतल्या चांगल्या चादरी निघायच्या, नवे शर्ट मिळायचे आणि ते गेले की दोन्ही परत ट्रंकेत. आम्हाला ओळीत उभं करून इंग्लिशमध्ये दोन वाक्यं पाठ करून घेतलेली, माझं नाव अमुक, आय हॅव नो मदर नो फादर. मी सगळ्यात खणखणीत म्हणायचो म्हणून मला पुढे उभं करायचे. आई तेव्हा चाळीस किलोमीटरवर फडात मोळ्या बांधत होती. तिला हे आजतागायत सांगितलेलं नाही.
पाहुणे चांगलेच होते, एका गोऱ्या ताईने मला पतंग करायला शिकवला, खूप लळा लागला तिचा. पुढच्या वर्षी दुसरी ताई आली, तिसऱ्या वर्षी तिसरी, मग मी नावं विचारणं सोडून दिलं. आता सरकारच्या बालसंगोपन योजनेत मूल घरच्यांकडेच ठेवून महिन्याला २२५० रुपये मिळतात, तेव्हा आईच्या हातात तेवढं काही पडलं असतं तर मी आजीकडेच वाढलो असतो. ताई तुम्ही जाऊ नका असं म्हणत नाही. फक्त ऑगस्टमध्ये तिथे शाळांना सुट्टी असते, सुट्टीत ती मुलं कुठे असतात एवढं विचारून बघा.

गिरीजची_पोर
चार दिवस काही लिहिलं नाही, सॉरी. चष्मिस, खरं सांगू, तुमचं वाचून आधी रागच आला होता. बत्तीस नंबर, तुमचं वाचून झोप आली नाही. ग्रुप लीडरला विचारलं तर म्हणाले सगळी अनाथच आहेत, मग मी परमिटचं विचारलं तर टाळाटाळ, म्हणून सरळ तिथल्या वॉर्डनबाईंशी व्हिडिओ कॉल केला. साध्या आहेत हो, काही लपवलं नाही. म्हणाल्या चाळीसेक मुलं सुट्टीत आईकडे किंवा आजीकडे जातात, पण या वर्षी तुम्ही येणार म्हणून आम्ही कुणालाच पाठवत नाही आहोत, तुमची निराशा नको. वर हसून म्हणाल्या, काळजी करू नका, सगळे असतील.
मी त्यांना त्याच कॉलवर सांगितलं की पाठवा, सगळ्यांना पाठवा. त्यांना काही कळेना, दोनदा विचारलं की तुम्ही येणार नाही का मग. लीडर आता माझ्याशी धड बोलत नाहीयेत. केकचे पैसे मुलांच्या जायच्या-यायच्या भाड्याला देता येतील का ते फादरना रविवारी विचारते. आईला अजून काही सांगितलेलं नाही. आणि झोळीवाले दादा, लस टोचून झाली, हात अजून दुखतोय.